चिनी मातीचा दात: भट्टीत ठरलेली ताकद



सुरुवात एका साध्या प्रश्नाने करू. घरातला चहाचा कप हातातून निसटला की फुटतो. त्याच कुळातल्या पदार्थाचा दात मात्र माणसाच्या तोंडात रोज भाकरी चावतो, चिक्की फोडतो, गरम चहानंतर गार पाणी झेलतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. हे कसं काय जमतं?

याचं प्रामाणिक उत्तर असं आहे की सुरुवातीची दीडेकशे वर्षं ते नीट जमत नव्हतं. दात सुंदर दिसायचे आणि फुटायचे. ते का फुटतात हे शोधता शोधता जो इतिहास घडला, तो आज सांगायचा आहे. या इतिहासात लोकांचं लक्ष नेहमी पाककृतीकडे गेलं. कोणती माती, कोणता नवा पदार्थ, कोणाचं पेटंट. पण दाताची ताकद खरं तर ठरत होती ती तयारीत. दाणे किती बारीक दळले, पाणी कसं काढलं, भट्टीत हवा होती की नव्हती, गार किती वेगाने केलं आणि सगळं झाल्यावर वरचा थर कोणी खरवडला का, या गोष्टींत. पावडर तीच असली तरी तयारी बदलली की दात वेगळा होतो. आजच्या व्याख्यानाचा गाभा एवढाच आहे.

औषधविक्रेत्याची कवळी

गोष्ट सुरू होते पॅरिसजवळच्या सें-जर्में-आँ-ले या गावी. साल साधारण 1774. तिथे अलेक्सी द्युशातो नावाचा औषधविक्रेता राहत होता. त्याच्या तोंडात कवळी होती, पाणघोड्याच्या दातातून कोरलेली. त्या काळी श्रीमंतांच्या कवळ्या अशाच असत. हस्तिदंत, पाणघोड्याचा दात, कधी बैलाचं हाड आणि त्यावर बसवलेले माणसाचे खरे दात. हे सगळे जैविक पदार्थ. लाळ त्यांच्यात शिरते, ते काळे पडतात, कुजतात आणि त्यांना घाण वास येतो. द्युशातोचा तर धंदाच औषधं कुटायचा आणि चाखून बघायचा. त्याची कवळी सतत डागाळायची.

दुकानातली चिनी मातीची भांडी मात्र तीच औषधं रोज झेलून स्वच्छ राहायची. मग कवळीच चिनी मातीची का करू नये? विचार आला तो काळही अनुकूल होता. युरोपाला चिनी मातीचं गुपित उलगडून जेमतेम साठ-पासष्ट वर्षं झाली होती. जर्मनीत माइसेनला ते 1708 नंतर उलगडलं. फ्रान्सला स्वतःची पांढरी माती, म्हणजे केओलिन, 1768 च्या सुमाराला लिमोजजवळ सापडली होती.

द्युशातो पॅरिसच्या एका पोर्सिलेन कारखान्यात गेला. कारागिरांनी त्याच्या हिरडीचा आकार घेऊन मातीची कवळी घडवली आणि भट्टीत घातली. बाहेर आली ती त्याच्या तोंडात बसेना. भट्टीत ती आक्रसली होती आणि वाकडीही झाली होती.

इथे जरा थांबू, कारण हे आक्रसणं पुढची अडीचशे वर्षं आपली पाठ सोडणार नाही. ओल्या मातीत किंवा पावडरीत दाण्यांच्या मध्ये पाणी असतं, हवा असते. भट्टीत पाणी उडून जातं, दाणे कडेकडेने वितळून एकमेकांना चिकटतात आणि मधल्या पोकळ्या मिटत जातात. जेवढी पोकळी मिटली तेवढा आकार लहान होतो. आजच्या दंत-पोर्सिलेनच्या पावडरीचं प्रमाण धरलं तर लांबीत 11 ते 14 टक्के घट होते, म्हणजे घनफळात जवळजवळ एक तृतीयांश. फुलदाणी एवढी आक्रसली तर कोणाच्या लक्षातही येत नाही. पण साडेपाच सेंटीमीटर रुंदीची कवळी सहा-सात मिलिमीटरने लहान झाली, तर ती हिरडीवर बसणारच नाही.

द्युशातोला मदत झाली ती पॅरिसचा दंतवैद्य निकोला द्युब्वा द शेमां याची. त्याने मातीच्या मिश्रणात बदल केले, ते कमी तापमानावर भाजेल असं केलं आणि मुळात आकारच मोठा घडवायला सुरुवात केली. 1788 मध्ये त्याने या दातांवर पुस्तिका छापली आणि पुढे राजाकडून पेटंटही मिळवलं. ज्याची मूळ कल्पना तो द्युशातो बाजूला राहिला. वाद कोर्टात गेला आणि निकाल द शेमांच्या बाजूने लागला. कल्पना एकाची आणि ती भट्टीतून सुखरूप बाहेर काढणारा दुसरा असला, तर श्रेय कोणाचं? हा प्रश्न या विषयात पहिल्या दिवसापासून आहे.

क्रांतीच्या धामधुमीत द शेमां इंग्लंडला गेला. तिथेही त्याला 1791 मध्ये पेटंट मिळालं आणि वेजवुडच्या कारखान्यातून मातीचा पुरवठा होऊ लागला. आपल्या दातांना तो 'अविनाशी' म्हणायचा. 1811 मध्ये थॉमस रोलंडसनने काढलेलं एक व्यंगचित्र आजही छापलं जातं. फ्रेंच दंतवैद्य एका जाड बाईचं तोंड उघडून तिचे चकचकीत दात गिऱ्हाइकाला दाखवतोय. ते दात इतके पांढरे आणि एकसारखे की खोटे आहेत हे सांगावं लागत नाही. रोलंडसनला हसू आलं ते दिसण्याचं. वापरणाऱ्यांची तक्रार वेगळी होती. एकसंध कवळी कधी नीट बसायची नाही, बोलताना खटखट वाजायची आणि एका जागी टवका उडाला की सगळीच वाया जायची.

एकेक दात

यावर उपाय निघाला 1808 मध्ये, पुन्हा पॅरिसमध्येच. जुझेप्पान्जेलो फोंझी या इटालियन दंतवैद्याने अख्खी कवळी भाजायची सोडून एकेक दात सुटा भाजला. प्रत्येक दाताच्या पाठीत त्याने प्लॅटिनमची छोटी खुंटी बसवली. ती धातूच्या पट्टीला जोडायची म्हणजे दात पक्का.

यात दोन गोष्टी हुशारीच्या होत्या. पहिली म्हणजे आक्रसण्याचं प्रमाण तेच राहिलं, पण वस्तूच लहान झाल्यामुळे चूकही लहान झाली. एका दातात एखाद्या मिलिमीटरचा फरक पडला तर तो सांभाळून घेता येतो. दुसरी म्हणजे प्लॅटिनम. ते भट्टीत वितळत नाही आणि तापल्यावर ते जेवढं फुगतं, साधारण तेवढंच पोर्सिलेनही फुगतं. गार होताना दोघं सारखे आकसतात, म्हणून दात खुंटीभोवती तडकत नाही. प्रसरणाचा हा हिशोब पुढे फार महत्त्वाचा ठरणार आहे, तो लक्षात ठेवा.

त्यानंतर हा धंदा कारखान्यांकडे गेला. लंडनमध्ये क्लॉडियस ॲश हा मूळचा चांदीकाम करणारा माणूस. मेलेल्या माणसांचे दात हाताळायचं काम त्याला नकोसं वाटायचं. वॉटर्लूच्या लढाईनंतर मृत सैनिकांचे दात बाजारात आले होते आणि पुढे कित्येक वर्षं अशा दातांना 'वॉटर्लूचे दात' म्हणायचे, एवढं सांगितलं तरी पुरे. ॲशने 1830 च्या दशकात पोर्सिलेनचे दात बनवायला घेतले. अमेरिकेत फिलाडेल्फियात सॅम्युअल स्टॉकटन आणि नंतर 1844 पासून सॅम्युअल व्हाइट यांनी हेच काम मोठ्या प्रमाणावर केलं.

याच काळात पदार्थाच्या पोटात मोठा बदल झाला. कपबशीच्या चिनी मातीत निम्म्याच्या आसपास केओलिन असतं, बाकी फेल्डस्पार आणि गारगोटी. केओलिनमुळे ओला गोळा हाताने घडवता येतो, भट्टीत आकार सावरून धरला जातो, पण वस्तू दुधट आणि अपारदर्शक होते. खरा दात तसा नसतो, त्यातून थोडा उजेड आरपार जातो. म्हणून दातवाल्यांनी केओलिन कमी करत नेलं आणि फेल्डस्पार वाढवत नेलं. फिलाडेल्फियाच्या एलियास वाइल्डमनने 1838 मध्ये केलेलं मिश्रण या वाटेवरचा महत्त्वाचा टप्पा मानतात. पुढे दंत-पोर्सिलेनमध्ये केओलिन जेमतेम तीन ते पाच टक्के उरलं आणि फेल्डस्पार पाऊणपट किंवा त्याहून जास्त झालं. नाव चिनी मातीचं राहिलं, पण वस्तू बहुतांशी काचेची झाली.

काच झाल्यावर दात दिसायला सुंदर झाला. काचेचे गुण आले तसे दोषही आले.

काच का फुटते

आता दुकानात कापड फाडणारा माणूस आठवा. तो आधी कात्रीने काठाला छोटीशी चीर देतो आणि मग दोन्ही हातांनी ओढतो. चीर दिली नाही तर तेच कापड हाताला दाद देत नाही. सगळा ताण त्या चिरेच्या टोकाशी गोळा होतो, म्हणून कापड सरळ फाटत जातं.

काचेचंही तसंच आहे. हे गणिताने आणि प्रयोगाने दाखवलं इंग्लंडमध्ये फार्नबरो इथे विमानांवर काम करणाऱ्या ॲलन ग्रिफिथने, 1920 च्या सुमाराला. काचेच्या रेणूंमधले बंध मोजले तर काच प्रत्यक्षात दिसते त्याच्या कितीतरी पट मजबूत असायला हवी. ती तशी नसते, कारण तिच्या पृष्ठभागावर आणि पोटात डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असतात. ग्रिफिथने काचेचे अतिशय बारीक धागे ओढले. धागा जितका बारीक, तितकी त्याची ताकद काचेच्या खऱ्या ताकदीच्या जवळ. बारीक धाग्यात मोठी चीर मावणारच कशी?

धातूत चिरेच्या टोकाशी ताण आला की धातू तिथे थोडा वाकतो आणि चीर बोथट होते. काचेला वाकता येत नाही. म्हणून तिची ताकद रासायनिक सूत्रात शोधून उपयोग नाही. ती ठरते तिच्यातल्या सगळ्यात वाईट चिरेवर. आणि दुसरं, दाबाने चीर मिटते, ओढल्याने उघडते. पोर्सिलेन दाब भरपूर सोसतं, ताण फार कमी. पोर्सिलेनची कॅप चावताना वरून दाबली जाते, पण तिच्या आतल्या बाजूला, जिथे ती मूळ दाताला टेकते तिथे, ताण येतो. म्हणून पुष्कळदा भेग आतून सुरू होते. आरशात बघणाऱ्याला ती सुरुवातीला दिसतही नाही.

या नजरेने आता डेट्रॉइटच्या चार्ल्स लँडकडे बघू. विमानाने एकट्याने अटलांटिक ओलांडणारा चार्ल्स लिंडबर्ग, त्याचे हे आजोबा. लँडने 1880 च्या दशकात एक युक्ती काढली. दाताच्या साच्यावर प्लॅटिनमचा पातळ पत्रा घट्ट बसवायचा, त्यावर पोर्सिलेनची पावडर लावायची, पत्र्यासकट भट्टीत भाजायची आणि मग पत्रा सोलून काढायचा. यातून 1903 च्या सुमाराला पूर्ण पोर्सिलेनची कॅप आली. त्याच काळात विजेवरच्या छोट्या भट्ट्याही आल्या आणि तापमान हातात आलं.

लँडची कॅप अत्यंत सुंदर दिसायची. पण पत्रा सोलल्यावर आतला पृष्ठभाग उघडा पडायचा, बारीक खाचा आणि छिद्रांनी भरलेला. म्हणजे जिथे ताण सगळ्यात जास्त, नेमक्या तिथेच कात्रीची चीर आधीच मारून ठेवलेली. पुढे 1976 मध्ये लंडनचे जॉन मॅक्लीन आणि त्यांचे सहकारी स्केड यांनी कथिलाचा मुलामा दिलेला प्लॅटिनमचा पत्रा आत तसाच ठेवला. पोर्सिलेन त्याला चिकटलं, आतल्या चिरा झाकल्या गेल्या आणि कॅप लक्षणीय मजबूत झाली. पोर्सिलेनमध्ये काही बदललं नव्हतं, फक्त आतल्या चिरा बंद केल्या होत्या.

डबा आपटण्याची विद्या

आता लॅबमधल्या टेबलाशी येऊ. टेक्निशियन पोर्सिलेनची पावडर शुद्ध पाण्यात कालवतो, त्याची लापशी होते. ब्रशने ती साच्यावर चढवतो. पुढचं काम म्हणजे दाणे एकमेकांच्या जास्तीत जास्त जवळ आणणं.

घरात पीठ डब्यात भरताना आपण डबा ओट्यावर आपटतो. पीठ बसतं, वर जागा होते आणि अजून दोन वाट्या मावतात. टेक्निशियन तेच करतो. साचा धरलेल्या हत्यारावर दातेरी कड घासून बारीक हादरे देतो. हादऱ्याने दाणे खाली बसतात आणि पाणी वर येतं. ते पाणी टिपकागदाने टिपून घेतो. पाणी निघताना ते दाण्यांना एकमेकांकडे ओढून घेतं. ओहोटीनंतरच्या ओल्या वाळूवर चालून बघा, पायाखाली ती किती घट्ट लागते. कोरड्या वाळूत पाय रुततो. हा पाण्याच्या पृष्ठताणाचा परिणाम. म्हणून काम चालू असताना पावडर कोरडी पडू द्यायची नाही, हा पहिला धडा.

दुसरा धडा दाण्यांचा. सगळे दाणे एकाच मापाचे असतील तर त्यांच्यामध्ये बरीच पोकळी राहते. डब्यात लाडू भरले तर फटी राहणारच. त्या फटींत शेंगदाणे टाका आणि शेंगदाण्यांच्या फटींत रवा टाका, डबा भरत जाईल. म्हणून पावडर बनवणारे वेगवेगळ्या मापांचे दाणे ठरावीक प्रमाणात मिसळतात. हे झालं नाही तर हात कितीही कुशल असला तरी घट्टपणा येत नाही.

मग भट्टी. आधी दात भट्टीच्या तोंडाशी ठेवून सावकाश वाळवतात. घाई केली तर आतल्या पाण्याची वाफ होते आणि कोवळा दात जागीच फुटतो. नंतर तापमान चढतं. दाणे कडेने वितळून चिकटतात, मधली जागा मिटते. पण त्या जागेत हवा असते. वितळलेली काच मधासारखी घट्ट असते, हवा बाहेर पडू शकत नाही. बुडबुडे आतच अडकतात. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या दातांमध्ये घनफळाचे काही टक्के असे बुडबुडेच असायचे. ते उजेड अडवून दाताला धुरकट करायचे आणि भेगेला सुरुवात करून द्यायचे. यात एक पेच होता. बारीक दाणे घेतले तर बुडबुडे बारीक पण असंख्य होऊन दात दुधट दिसायचा. म्हणून साध्या हवेत भाजणारे लोक जाडसर पावडर वापरायचे, म्हणजे बुडबुडे मोठे पण मोजके.

कोंडी फुटली ती 1950 च्या दशकात, निर्वात भट्टीने. अमेरिकेत व्हाइन्स, सेमेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा पद्धतशीर अभ्यास केला. युक्ती ऐकायला सोपी आहे. तापवायला लागल्यावर भट्टीतली हवा ओढून घ्यायची, साधारण एक दशांश दाब उरेपर्यंत. दाण्यांमधली बहुतेक हवा निघून जाते. पृष्ठभाग वितळून बंद झाला की आत थोडे बुडबुडे उरतात, पण त्यांतली हवा विरळ असते. आता भट्टीत हवा परत सोडायची. बाहेरचा दाब दहापट होतो आणि मऊ काचेतले ते बुडबुडे चिरडून मूळच्या दहाव्या हिश्शाएवढे होतात. बुडबुड्यांचं प्रमाण एका टक्क्याच्याही खाली आलं. आता पावडर बारीक घेता आली आणि दात एकाच वेळी जास्त पारदर्शक आणि जास्त भरीव झाला.

यातही वेळ चुकून चालत नाही. पृष्ठभाग आधीच बंद झाल्यावर हवा ओढली तर उपयोग नाही. काच पातळ झाल्यावरही निर्वात चालू ठेवलं तर उरलेले बुडबुडे उलटे फुगतात. पावडर तीच आणि भट्टीही तीच, पण काही मिनिटांच्या फरकाने निकाल वेगळा.

पोटात स्फटिक

बुडबुडे कमी झाले तरी काच काचच राहिली. साध्या फेल्डस्पारच्या पोर्सिलेनची वाकवताना सोसण्याची ताकद साठ-सत्तर मेगापास्कलच्या आसपास. मागच्या दातांना ती पुरत नाही. 1960 च्या दशकात यावर दोन उपाय आले.

पहिला अमेरिकेतला. 1962 मध्ये वाइनस्टीन, कॅट्झ आणि वाइनस्टीन यांना पेटंटं मिळाली. आतून सोन्याच्या मिश्रधातूची टोपी आणि वर पोर्सिलेन, अशी त्यांची रचना. आता फोंझीची प्लॅटिनमची खुंटी आठवा. सोन्याचे मिश्रधातू पोर्सिलेनपेक्षा बरेच जास्त फुगतात. मग दोघांचं जमवायचं कसं? पोटॅशियमचं फेल्डस्पार ठरावीक तापमानात बराच वेळ ठेवलं तर त्यातून ल्युसाइट नावाचे स्फटिक तयार होतात आणि ल्युसाइट खूप फुगणारं आहे. त्याचं प्रमाण सांभाळून पोर्सिलेनचं प्रसरण धातूच्या जवळ, पण किंचित कमी ठेवायचं. किंचित कमी का? गार होताना धातू जरा जास्त आकसतो आणि पोर्सिलेनला कवेत घेऊन दाबून धरतो. दाबाखाली चीर उघडत नाही, हे आपण पाहिलंच. म्हणजे दातात कायमचा दाब साठवून ठेवला.

पण हा तोल नाजूक आहे. दात पुन्हा पुन्हा भाजला किंवा फार सावकाश गार केला तर ल्युसाइटचं प्रमाण बदलतं. प्रमाण बदललं की प्रसरण बदलतं आणि धातूशी जमवलेला हिशोब विस्कटतो. कधी भेग लगेच दिसते, कधी काही महिन्यांनी तोंडात. रंग जरा जमला नाही म्हणून 'अजून एकदा भट्टीत घालू' असं म्हणणं किती महाग पडू शकतं, ते यावरून कळतं.

दुसरा उपाय लंडनचा. 1965 मध्ये मॅक्लीन आणि ह्यूज यांनी काचेच्या पावडरीत ॲल्युमिनाचे स्फटिक मिसळले, वजनाने चाळीस-पन्नास टक्के. काचेतून धावणारी भेग या कठीण दाण्याशी अडते. ताकद साधारण दुप्पट झाली. पण ॲल्युमिना अपारदर्शक असल्याने ते फक्त आतल्या गाभ्यात घालायचं आणि वरून देखणं पोर्सिलेन चढवायचं. इथेही अट होती. काच आणि ॲल्युमिना यांचं प्रसरण जुळलं पाहिजे, नाहीतर प्रत्येक दाण्याभोवती नवी चीर तयार होते आणि मदतीला आणलेला दाणाच वैरी होतो.

पुढे 1980 च्या दशकात पॅरिसच्या मिशेल सादून यांनी कुंभारकामातली जुनी रीत उचलली. ॲल्युमिनाची बारीक लापशी प्लॅस्टरच्या साच्यावर चढवायची. प्लॅस्टर पाणी शोषून घेतं आणि दाणे दाटीने बसतात. मग फक्त इतपत भाजायचं की दाणे टोकाटोकांना चिकटतील. पोकळ्या मिटवायच्याच नाहीत! त्यामुळे आक्रसणं जवळजवळ शून्य. त्यानंतर पातळ काच वितळवून त्या सच्छिद्र सांगाड्यात जिरवायची, पावाने दूध शोषावं तशी. ताकद चारशे मेगापास्कलच्या पुढे गेली. घटक ओळखीचेच होते, काच आणि ॲल्युमिना. फक्त ते एकत्र आणायचा क्रम बदलला.

भट्टी बदलली तेव्हा

आज ज्याचं नाव सगळीकडे ऐकू येतं ते झिर्कोनिया. ते खरं तर पोर्सिलेन नव्हे, त्यात काच जवळजवळ नसतेच. 1975 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या गार्व्ही, हॅनिंक आणि पास्को यांनी दाखवलं की झिर्कोनियात भेग पुढे सरकली की तिच्या टोकाशी असलेले स्फटिक रूप बदलतात आणि थोडे फुगतात. फुगून ते भेगेलाच दाबून बंद करतात. ताकद नऊशे ते बाराशे मेगापास्कल. हा दात घडतो तो संगणकाच्या मदतीने. अर्धवट भाजलेल्या, खडूसारख्या मऊ ठोकळ्यातून यंत्र दात कोरतं आणि तो मुद्दाम वीस-पंचवीस टक्के मोठा कोरतं. मग भट्टीत तो आक्रसून बरोबर मापात येतो.

द्युशातोची आठवण झाली ना? ज्या आक्रसण्याने त्याची कवळी वाया गेली, त्याचाच आता हिशोब करून उपयोग करतात. द शेमां तेच करत होता, अंदाजाने.

एवढा मजबूत पदार्थ हाती आल्यावर तयारीचं महत्त्व संपलं असं वाटेल. तसं नाही, आणि याचा पुरावा दाताच्या बाहेरचा आहे. याच झिर्कोनियापासून कृत्रिम खुब्याचे गोळे बनवायचे. 1990 च्या दशकात ते हजारो रुग्णांना बसवले गेले आणि फार क्वचित फुटायचे. एका फ्रेंच कारखान्याने 1998 च्या सुमाराला भाजण्याची पद्धत बदलली. एकेक घाणा भाजणाऱ्या भट्टीऐवजी सलग चालणारी बोगद्यासारखी भट्टी आणली. पावडर तीच, आकार तोच. नव्या भट्टीतल्या काही घाण्यांमधले गोळे शरीरातल्या ओलाव्यात भराभर जुने होऊ लागले. त्यांचे स्फटिक गरज नसताना रूप बदलत होते. शेकडो रुग्णांच्या शरीरात ते फुटले, त्यांना पुन्हा शस्त्रक्रियेला सामोरं जावं लागलं आणि 2001 मध्ये माल परत बोलवावा लागला. पदार्थाचं नाव कागदावर एकच होतं, फरक फक्त भट्टीत होता.

शेवटची मिनिटं

शेवटी दंतवैद्याच्या खुर्चीकडे येऊ, कारण तयारी लॅबमध्ये संपत नाही. पोर्सिलेनला शेवटी जी झिलई देतात तिच्यामुळे वरच्या बारीक चिरा बुजतात. चावताना कॅप उंच लागते म्हणून ती तिथल्या तिथे घासली की झिलई निघते आणि नव्या चिरा पडतात. दंतवैद्यकाच्या क्रमिक पुस्तकांत पिढ्यान् पिढ्या शिकवलं गेलं की झिलई घासून काढल्यावर पोर्सिलेनची ताकद निम्म्यावर येऊ शकते. नीट, टप्प्याटप्प्याने पॉलिश केलं तर हे नुकसान बरंचसं भरून निघतं. शिवाय तोंडात सतत ओलावा असतो आणि पाणी काचेतल्या चिरेच्या टोकाशी हळूहळू काम करत राहतं. आज सोसलेली चीर पाच वर्षांनी सोसेलच असं नाही. म्हणून कॅप घासल्यावर पॉलिशसाठी घेतलेली ती शेवटची काही मिनिटं वाया गेलेली नसतात. डॉक्टर ती घेत असतील तर आपण घाई करू नये.

मंडळी, या अडीचशे वर्षांत नावं राहिली ती पेटंटांची आणि पदार्थांची. लापशीला हादरे देणारा, पाणी टिपणारा, हवा कधी ओढायची हे ठरवणारा हात कुठे नोंदला गेला नाही. द्युशातोच्या कवळीवर काम करणाऱ्या कारागिरांची नावंसुद्धा आपल्याला माहीत नाहीत. आता त्यातलं बरंच काम यंत्राकडे गेलंय आणि ते चांगलंच आहे, यंत्राचा हात थरथरत नाही. पण खुब्याच्या त्या गोळ्यांनी दाखवून दिलं की यंत्राच्या भट्टीवरही कोणाचं तरी लक्ष असावं लागतं.

पुढच्या वेळी कोणी तुम्हाला सांगितलं की ही कॅप अमुक पदार्थाची आहे, म्हणून मजबूत आहे, तर मान जरूर डोलवा. आणि मग एवढंच विचारा, 'बनवली कशी?'